मीथच्या गेलिक फुटबॉल टीमचा २०२५ चा सीझन: क्रेडिट नव्या मॅनेजरचं की अजून कशाचं?

गंगापूररोडकर

मंडळी, क्रिकेटचा विषय नाहीये, पण इथे खेळावर डोकं चालवणारे बरेच आहेत म्हणून टाकतोय.

माझा भाचा आयर्लंडला नवानमध्ये हॉस्पिटलात कामाला आहे, मीथ काउंटीतलं गाव ते, आणि त्याच्यामुळे आमच्या घरात गेलिक फुटबॉल शिरलाय. तिकडे उन्हाळ्यात दुपारी चारची मॅच म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ, जेवताना आरामात बघून होते. ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, पंधरा-पंधरा जण असतात, बॉल हातात घेता येतो पण चार पावलांच्या वर तसाच धरून पळायचं नाही, मग एकतर टप्पा मारायचा नाहीतर पायाच्या चवड्यावर टाकून परत हातात उडवायचा, याला सोलो म्हणतात. गोलपोस्ट एच आकाराचा, आडव्या दांडीवरून गेला तर १ पॉइंट, खाली जाळ्यात गेला तर गोल म्हणजे ३. स्कोअर १-२२ लिहिला तर १ गोल आणि २२ पॉइंट, एकूण २५.

आता मुद्द्यावर. मीथ ही एकेकाळची दादा टीम, ७ वेळा ऑल आयर्लंड (म्हणजे अख्ख्या देशाचं टायटल) जिंकलेत, पण शेवटचं १९९९ ला. त्यानंतर उतरणच. शेजारच्या डब्लिनने २०११ ते २०२४ सलग १४ वर्षं लेन्स्टर प्रांताचं टायटल स्वतःकडे ठेवलं. २०२५ साठी मीथने रॉबी ब्रेनन नावाचा नवा मॅनेजर आणला, आणि पहिल्याच सीझनला यांनी लेन्स्टर सेमीफायनलला डब्लिनला उडवलं, जे २०१० नंतर चॅम्पियनशिपमध्ये कधी झालं नव्हतं. फायनल लाउथकडून दोन पॉइंटने गेली (लाउथ ३-१४, मीथ १-१८), म्हटलं संपलं आता, तर पुढे ऑल आयर्लंडच्या ग्रुपमध्ये केरीला १-२२ विरुद्ध ०-१६ असं धुतलं, ग्रुपमध्ये पहिला नंबर काढला आणि क्वार्टर फायनलला गॅलवेला एका पॉइंटने काढलं. सीझनच्या सुरुवातीला मीथ ऑल आयर्लंडच्या सेमीफायनलला जाणार असं कोणी म्हटलं असतं तर भाच्याच्या वॉर्डातले पेशंटपण हसले असते.

प्रश्न असा की यात मॅनेजरचा वाटा किती? विचारायचं कारण घरगुती आहे. मी आमच्या इकडच्या एका छोट्या फुटबॉल क्लबच्या कमिटीत आहे, नाव नको. दर पावसाळ्यात चिखलात दोन-तीन मॅच हरलो की कोच बदलायचा विषय निघतो आणि बहुतेक वेळा बदलतातच. यावेळी एका मेंबरने मीथचंच उदाहरण दिलं, बघा नवा माणूस आणला आणि एका वर्षात कुठल्या कुठे गेले. त्याला त्या मॅचेस दाखवणारा मीच, आता भोगतोय.

---

सिडको_ते_डब्लिन

काका मी सिडकोतला, सध्या डब्लिनला असतो, त्यामुळे थोडा पक्षपात होणार, चालवून घ्या.

तुमच्या मेंबरला आधी हे विचारा की २०२५ ला मॅनेजर बदलला तसा खेळपण बदलला हे त्याला माहितीये का. त्या वर्षी नियमच नवीन आले. जिम गॅविन म्हणून डब्लिनचा जुना मॅनेजर आहे, २०१५ ते २०१९ सलग पाच ऑल आयर्लंड जिंकलेला, त्याच्याच हाताखाली कमिटी नेमली होती कारण गेलिक फुटबॉल बघवेना झाला होता. चौदा जण मागे येऊन भिंत करायचे आणि समोरची टीम त्या भिंतीसमोर हातानेच बॉल इकडून तिकडे फिरवत बसायची, पाच पाच मिनिटं, झोप यायची अक्षरशः.

मग नियम आला की कुठल्याही वेळी प्रत्येक टीमचे निदान तीन जण समोरच्याच्या अर्ध्यात राहिलेच पाहिजेत, आपल्या अर्ध्यातपण तसेच तीन. म्हणजे पुढे कायम जागा मिळणार. दुसरं म्हणजे ४० मीटरवर एक कमान आखली, तिच्या बाहेरून मारलेल्या शॉटला दांडीवरून गेला की २ पॉइंट. आणि तिसरं जे टीव्हीवर पटकन कळत नाही पण मॅच फिरवतं ते म्हणजे किकआउट. गोलकीपरला बॉल त्या कमानीच्या पलीकडे मारावाच लागतो, पूर्वीसारखा बाजूच्या बॅकला हळूच दिला आणि चालले आरामात असं नाही. म्हणजे प्रत्येक किकआउटला मधोमध उंच बॉल, चार-पाच जण एकदम उडी मारणार, आणि खाली पडला तर सांडलेल्या बॉलवर झडप. डब्लिनची ती जुनी मशीन छोट्या किकआउटवर आणि बॉल आपल्याकडे ठेवण्यावर चालायची, तेच गेलं. मीथकडे लांबून मारणारे आणि सरळ धावणारे होते, त्यांना हे नियम पावले.

शिवाय डब्लिनचे फेंटन आणि मॅकार्थी २०२४ च्या शेवटी रिटायर झाले. मिडफिल्डमधून फेंटन काढा, मग बोला.

---

भो_पंचवटीकर

सक्सेस सक्सेस काय भो, कप कुठंय? लेन्स्टर हरले, सेमीफायनलला डोनेगलने ३-२६ विरुद्ध ०-१५ मारलं. २० पॉइंट!! मी ती मॅच बघितलीये, हाफटाइमनंतर बघवत नव्हती. आणि डोनेगलचा मॅनेजर जिम मॅकगिनेस, त्याला म्हणतात कोच. २०११ ला पहिल्याच वर्षी अल्स्टर प्रांताचं टायटल, जे डोनेगलकडे १९९२ पासून नव्हतं, आणि २०१२ ला थेट ऑल आयर्लंड. मधे गेला, २०२४ ला परत आला, आल्या आल्या परत अल्स्टर. तुमच्या मेंबरला हे उदाहरण दिलं नाही कुणी नशीब समजा.

---

निवृत्त_पीटी_शिक्षक

गंगापूररोडकर, तुमच्या कमिटीसारख्या कमिट्या मी आयुष्यभर बघितल्या त्यामुळे राहवलं नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, या खेळात पगारी खेळाडू नाहीत. शिक्षक, इलेक्ट्रिशियन, शेतकरी, कॉलेजची पोरं, सगळे आपापलं काम करून संध्याकाळी ट्रेनिंगला येतात आणि आपल्याच काउंटीकडून खेळतात. मॅनेजरला बाहेरून कोणी विकत आणता येत नाही. जे पीक शेतात उभं आहे तेच कापायचं. म्हणून मॅनेजर बघण्याआधी पेरणी कोणी केली ते बघायचं.

मीथच्या मायनर टीमने २०२१ ला ऑल आयर्लंड जिंकलं होतं, सतरा वर्षांखालची पोरं. २०२५ ला ती वीस-एकविशीत आली. मधल्या काळात कॉलम ओ'रूर्क मॅनेजर होते, ते १९८७-८८ च्या विजेत्या टीमचे खेळाडू, त्यांनी २०२३ ला टेल्टन कप जिंकला. ती दुसऱ्या फळीच्या टीमची स्पर्धा, त्यामुळे तेव्हा मीथमध्येच नाकं मुरडली गेली, एवढी मोठी आपली काउंटी आणि हा कप कसला. पण नव्या पोरांना जिंकायची सवय तिथे लागली असं माझं मत. ब्रेननच्या हातात ही तयार टीम आली.

याचा अर्थ त्याने काही केलं नाही असा नाही. आपल्याकडे चंद्रकांत पंडितांचं बघा. २०१७-१८ ला विदर्भाचे कोच झाले आणि पहिल्याच वर्षी विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली, सेमीफायनलला कर्नाटकाला फक्त ५ धावांनी हरवून. सगळे म्हणाले पंडितांची जादू. पण विदर्भाने त्याआधी कितीतरी वर्षं अकादमीवर काम केलं होतं आणि वसीम जाफर बाहेरून आणला होता. पंडितांनी कडक शिस्त आणली, टीमला आपण जिंकू शकतो हे पटवलं, आणि ते सोपं काम नाही, पण दुसऱ्याच्या मैदानातलं गवत आणून त्यांनी लावलं नव्हतं. मध्य प्रदेशला मात्र ते २०२० ला गेले आणि रणजी २०२२ ला आली. तिथे कोणी पहिल्याच वर्षी त्यांना घरी पाठवलं असतं तर?

तुमच्या क्लबच्या चौदा वर्षांखालच्या टीमला कोच कोण आहे? तो गेली तीन-चार वर्षं एकच आहे का? कमिटीत हा प्रश्न विचारून बघा, शांतता होईल.

---

इंदिरानगरची_मिडफिल्डर

सगळे पुरुषांच्याच टीमबद्दल बोलताय, मीथच्या मुलींचं कोणी नावच घेतलं नाही, आणि खरं उत्तर तिथे आहे.

मीथची लेडीज टीम सीनियर ग्रेडमध्ये पण नव्हती, खालच्या इंटरमीडिएटमध्ये खेळायची. एमन मरे म्हणून मॅनेजर. २०१८ ला इंटरमीडिएटची फायनल टायरोनकडून हरल्या. २०१९ ला परत फायनल, परत हरल्या, टिपररीकडून. आपल्याकडे असतं तर? दोन फायनल लागोपाठ हरलेला कोच म्हणजे पनवती, काढा. तिथे माणूस तोच ठेवला. २०२० ला इंटरमीडिएट जिंकलं, वर आल्या, आणि २०२१ ला सीनियरच्या पहिल्याच वर्षी फायनलला डब्लिनला हरवलं, जी टीम सलग पाचव्या टायटलसाठी उतरली होती. २०२२ ला केरीला हरवून परत. लोकांना दिसतं ते २०२१ चं वर्ष, आणि म्हणतात काय सरप्राइज. त्या मुलींना विचारा सरप्राइज होतं का.

आणि ब्रेननचंपण तेच आहे ना. तो मीथला यायच्या आधी डब्लिनच्या किलमॅकड क्रोक्स क्लबचा मॅनेजर होता, २०२२ ला क्लबची ऑल आयर्लंड फायनल किलकूकडून एक्स्ट्रा टाइममध्ये हरला, क्लबने त्याला ठेवलं, २०२३ ला जिंकला. म्हणजे तुमचा मेंबर ज्या माणसाचं उदाहरण देतोय तो माणूसच हरल्यावर न काढल्यामुळे घडलाय.

@भो_पंचवटीकर मॅकगिनेस ग्रेट आहेच पण तो २०११ च्या आधी डोनेगलच्या २१ वर्षांखालच्या टीमला शिकवत होता. मायकल मर्फी वगैरे पोरं तिथेपण त्याच्याच हाताखाली खेळली. आकाशातून नाही पडला.

---

भो_पंचवटीकर

ताई ते २१ वालं मान्य. पण २० पॉइंटने हरलेल्या टीमच्या मॅनेजरची आरती मी नाही ओवाळणार, सॉरी.

---

सिडको_ते_डब्लिन

@भो_पंचवटीकर त्या दिवशी डोनेगल दुसऱ्याच लेव्हलला होती राव. आणि तीच डोनेगल फायनलला केरीकडून १-२६ विरुद्ध ०-१९ अशी हरली, आणि त्या केरीला जूनमध्ये मीथने ९ पॉइंटने मारलं होतं. आता लावा गणित. एका सीझनमध्ये कोण कोणाला हरवतं यावरून मॅनेजर जोखायला गेलात तर कोणाचाच हिशोब लागणार नाही.

आणि लाउथचं कोणी काढलं नाही, ते पण घ्या. २०२५ चं लेन्स्टर हे त्यांचं १९५७ नंतरचं पहिलं. २०१० ला याच मीथने शेवटच्या क्षणाला एका चुकीच्या गोलवर त्यांची फायनल हिसकावली होती, अख्खी काउंटी पंधरा वर्षं ते विसरली नव्हती. २०२३, २०२४ दोन्ही लेन्स्टर फायनल डब्लिनकडून हरले, मधे मॅनेजर मिकी हार्ट डेरीला निघून गेला आणि गेर ब्रेनन आला (आडनाव तेच, माणूस वेगळा, गोंधळू नका), पण खेळाडू आणि पद्धत टिकली. तिथे मॅनेजर बदलला खरा पण कोणी हाकलला नव्हता. हा फरक तुमच्या कमिटीला कळला तरी खूप झालं.

---

गंगापूररोडकर

मस्त चर्चा झाली, धन्यवाद सगळ्यांना. सर, चौदा वर्षांखालच्यांना आमच्याकडे वेगळा कोचच नाही, सीनियरचा कोच वेळ मिळाला तर अर्धा तास बघतो. म्हणजे दर वर्षी आम्ही कोणाला काढतो तर दोन्हीकडचा एकच माणूस. लिहितानाच लाज वाटली.

भाच्याला हा धागा पाठवला, तो म्हणतो शॉन बॉयलनचं सांगा. मीथचा १९८२ ते २००५ असा मॅनेजर, चार ऑल आयर्लंड. मूळचा हर्लिंगचा (तिकडचा काठीने खेळायचा खेळ) खेळाडू, धंदा जडीबुटीच्या औषधांचा. पहिलं लेन्स्टर १९८६ ला मिळालं, पहिलं ऑल आयर्लंड १९८७ ला, म्हणजे चार वर्षं हातात मोठं काही नसताना लोकांनी त्याला ठेवलं. आमच्या कमिटीत चार मॅच पण अवघड आहे.

मिटिंगला मी आता कोच बदलायचा ठराव आला की ज्युनियरला वेगळा माणूस नेमायचा ठराव आधी टाकणार. मानधन कुठून द्यायचं यावर अडणार हे माहितीये.

---

निवृत्त_पीटी_शिक्षक

मानधनाचं नंतर बघू. शनिवारी सकाळी मी रिकामाच असतो, पाऊस थांबला आणि कुंभच्या खोदाईतून वाट सापडली तर मैदानावर येतो. पोरं किती आहेत आणि बॉल किती आहेत तेवढं कळवा, पंचवीस पोरांत दोन बॉल असले तर मी आधी तुमच्या खजिनदाराशी बोलेन.

---

इंदिरानगरची_मिडफिल्डर

मुली पण चालतील ना? आमच्या सोसायटीत सहा-सात जणी आहेत, त्यातल्या दोघी मुलांना घाम फोडतात. आणि भाचा पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याला एक गेलिक बॉल आणायला सांगा, सोलो शिकायचाय.

---

भो_पंचवटीकर

बॉल दोन सांगा भो. एक हरवतोच.