ऑप्स रूमला खिडकी नसते

दर्यावर्दी:
४ डिसेंबर १९७१च्या रात्री कराचीवर गेलेल्या ताफ्यात मी होतो. माझ्याच जहाजावरच्या एका अधिकाऱ्याचं त्या मोहिमेवरचं पुस्तक नुकतंच वाचलं. (नाव देत नाही, जहाजाचंही नाही.) पाकिस्तानी विनाशिका ‘खैबर’ दुभंगताना, तिच्या डेकवरून माणसं उड्या टाकताना आपण पाहिली, असं त्याने लिहिलंय. चांगलं दीड पान. भाषा झकास.

अडचण एवढीच की हा गडी तेव्हा खाली ऑप्स रूममध्ये, म्हणजे जहाजाच्या आतल्या नियंत्रण कक्षात, रडारला होता. ऑप्स रूमला खिडकी नसते! ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या वरच्या जागी, मी होतो, आणि मलाही क्षेपणास्त्राचा जाळ आणि मग क्षितिजाशी तांबूस उजेड, याहून काही दिसलं नाही. लक्ष्य कित्येक मैल लांब, आमची सगळी जहाजं दिवे मालवून. पहाटे वॉच सुटल्यावर वॉर्डरूममध्ये तोच मला म्हणाला होता, “रेषा फिरून आली आणि ठिपका उमटलाच नाही.” (रेषा रडारच्या पडद्यावरची, ठिपका म्हणजे ‘खैबर’.) हे वाक्य पुस्तकात कुठेही नाही.

चौकस:
काका, जरा कडकच होताय. ९ डिसेंबरला दीवजवळ आपली युद्धनौका ‘खुकरी’ काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. वाचलेल्यांच्या हकिगती एकमेकींशी तंतोतंत जुळाव्यात असं म्हणणार का? पन्नास वर्षांत आठवणीत भर पडतेच.

तिखटमीठ:
आणि तेव्हाची कागदपत्रं तरी कुठे धड आहेत? क्षेपणास्त्र लागल्यावर ‘खैबर’ने संदेश पाठवला तो विमानहल्ल्याचा. ६ तारखेला पाकिस्तानी विमानांनी स्वतःच्याच ‘झुल्फिकार’वर मारा केला, भारतीय क्षेपणास्त्र बोट समजून. तिथल्या तिथे लोक एवढे चुकत होते, मग तुमच्या मित्रालाच का धरता?

दर्यावर्दी:
‘खैबर’चा संदेश चुकीचा होता, खोटा नव्हता. आकाशातून काहीतरी पेटतं येतंय म्हणजे विमानच, असं त्यांना वाटलं. त्या चुकीवरून त्यांना काय दिसलं ते आजही कळतं. मित्राच्या दीड पानावरून कळतं ते त्याने नंतर काय काय वाचलं एवढंच. चौकस, ‘खुकरी’वरचे लोक निदान आपापल्या जागेवरून बोलत होते.

आणि हे त्याच्या पाठीमागे लिहीत नाहीये. आधी फोन केला. म्हणाला, “अरे, ठिपका गेला म्हणून लिहिलं तर कोण वाचेल?”

तिखटमीठ:
बरोबरच आहे की त्यांचं. खपायला नको?

लाटांवरची:
माझे बाबा त्याच युद्धात दुसऱ्या एका जहाजाच्या इंजिन रूममध्ये होते. युद्धाचं विचारलं की म्हणायचे, “उकडत होतं आणि मी गेज बघत होतो.” लहानपणी रागच यायचा. आता वाटतं, त्यांना अजून विचारायला हवं होतं, गेजवर काय दिसत होतं ते. काका, तो ठिपका तुम्हीच लिहा ना.

दर्यावर्दी:
मी कसा लिहू? मी ब्रिजवर होतो.