वडावरची वाघळं: हाकलायची की राहू द्यायची?

त्रस्त_सेक्रेटरी (कोथरूड): सोसायटीमागच्या वडावर तीनेकशे वटवाघळं लटकलीत. गॅलऱ्यांत घाण, गाड्यांवर काळे डाग, रात्रभर चिरचिर. वर निपाह विषाणूची भीती. सुतळी बॉम्ब लावून एकदाची हाकला, नाहीतर वड बोडका करा. झाडप्रेमींनी चार दिवस आमच्याकडे राहून दाखवावं.

मुठेकाठची: राहून दाखवते. एकवीस वर्षं राहतेय, वड माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. तुमची पोस्ट वाचून चहा गार झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळी गॅलरी झाडताना केरात काय येतं ते कधी नीट बघितलंत? मी आज बघितलं. अर्धवट कुरतडलेली काळी-जांभळी फळं, चावून थुंकलेला चोथा आणि खाच असलेल्या लांबट बिया. हा खोटा अशोक, बिल्डरने कंपाउंडला ओळीने लावलेला. रात्री तो खायला येतात ती तळहाताएवढी छोटी वाघळं. फळ तोडायचं आणि आपल्या छज्जाखाली लटकून निवांत खायचं, हा त्यांचा खाक्या. वडावरची मोठी दिवसा झोपतात आणि दिवेलागणीला लांब चरायला जातात. त्यांची विष्ठा वडाखाली पडते, तुमच्या चौथ्या मजल्यावर नाही. वड तोडलात तरी गॅलरी तशीच राहणार.

आणि फांद्या छाटायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कायदा १९७५ चा आहे. वटवाघळांना 'उपद्रवी' ठरवणारी वन्यजीव कायद्यातली यादीही २०२२ च्या दुरुस्तीने गेली. बॉम्ब लावाल तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

त्रस्त_सेक्रेटरी: ताई, मोठीही अशोकावर येतात. टॉर्च मारून बघितलंय, हातभर पंख. आणि निपाहला सोयीस्कर बगल दिलीत. महाबळेश्वरच्या वाघळांत सापडलाच ना?

मुठेकाठची: तिथे २०२० मध्ये नमुने घेतले ते गुहेतल्या वाघळांचे. आपली झाडावरची. जात वेगळी.

लॅबवाला: इथे सेक्रेटरींची बाजू घेतो, नाइलाजाने. केरळात २०१८ च्या साथीत विषाणू सापडला तो झाडावरच्या मोठ्या वाघळांतच. तेव्हा 'आपली वेगळी' म्हणून हात झटकू नका. पण म्हणून बॉम्ब? उष्टी फळं पोरांना उचलू देऊ नका, हातमोजे घालून कचऱ्यात टाका, फरशी आधी ओली करून मग पुसा. पडलेलं वाघूळ उघड्या हाताने धरू नका.

मुठेकाठची: बरं. उष्ट्या फळांचं मान्य. माझी नात पेरू उचलून खाते, तिला आजच दम देते.

दादरकर: वाघळांवर एवढी चर्चा आणि कबुतरांवर चकार शब्द नाही? माझी आई कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसं खराब होऊन दीड वर्ष ऑक्सिजनवर होती. खालच्या मजल्यावरचे एक सद्गृहस्थ रोज दोन किलो ज्वारी ओतायचे. बोलायला गेलो तर मलाच पाप-पुण्य शिकवलं!

पुण्यवान: मुक्या जीवांना दाणे घालणं पाप झालं का आता?

दादरकर: दाणे तुमचे, नेब्युलायझर आमचा. ऑगस्ट २०२५ मध्ये कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली तर फाडायला माणसं धावली. आईसाठी कोण धावलं?

पुण्यवान: सगळे आजार कबुतरांच्याच माथी मारा. गाड्यांच्या धुराचं काय?

दादरकर: धूर माझ्या खिडकीत घरटं करत नाही, साहेब.

तिसरा_मजला: आमच्याकडे जाळी बसवली. कबुतरं गेली, आता डक्टमध्ये आहेत. जाळीवाल्याने दुप्पट पैसे घेतले ते वेगळंच.

लॅबवाला: दादरकर, आईंचं ऐकून वाईट वाटलं. पण धागा वाघळांचा आहे.

दादरकर: धागा शेजाऱ्यांचा आहे. पक्षी निमित्त.

तिसरा_मजला: वाघूळ पक्षी नाही.

दादरकर: धन्यवाद, गुरुजी.

मेलबर्नचा_पुणेकर: वडाकडे परत येऊ. इथल्या रॉयल बोटॅनिक गार्डनमधून २००३ मध्ये मोठी फळवाघळं आवाज करून हाकलली होती. शहर सोडून गेली का? बरीचशी जवळच नदीकाठी यारा बेंडला जाऊन बसली, काहींनी जीलाँग शहर गाठलं. तुम्ही हाकलाल ती दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या सेक्रेटरीच्या डोक्यावर बसतील.

त्रस्त_सेक्रेटरी: बसू देत की! ती सोसायटी आमच्या गेटसमोर गाड्या लावते.

मुठेकाठची: आता कळलं दुखणं कुठे आहे.

त्रस्त_सेक्रेटरी: ठीक, वडाला हात लावत नाही. पण वडाखालचे चार पार्किंग वाटून देताना कुणी घेईना. एवढा पुळका आहे तर एक तुमच्या नावावर लिहू?

मुठेकाठची: लिहा. माझ्याकडे सायकल आहे. छत्री धरून लावीन.

त्रस्त_सेक्रेटरी: मेंटेनन्स मात्र गाडीचाच लागेल.