फोटोतला गोळा: आत्याला अण्णा दिसतात, मला धूळ. काय करू?

भटका_जोशी:
मंडळी, गेल्या महिन्यात आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. आजोबा (आम्ही अण्णा म्हणायचो) फेब्रुवारीत गेले, त्यामुळे त्यांची फ्रेम हॉलमध्ये हार घालून ठेवली होती. संध्याकाळी मी मोबाईलवर फ्लॅश मारून फोटो काढले, त्यातल्या एकात फ्रेमच्या बाजूला एक पांढरट, अर्धपारदर्शक गोळा आलाय. मी बावळटासारखा सगळे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले आणि दोन मिनिटात आत्याचा मेसेज, "अण्णा आले रे!!" मग काय, बदलापूरपासून बडोद्यापर्यंत सगळे हात जोडतायत. मी म्हटलं धूळ आहे तर आत्या चार दिवस बोलली नाही. गंमत म्हणजे तसेच गोळे आणखी सहा फोटोंत आहेत, पंगतीच्या फोटोत तर वांग्याच्या भाजीवर आहे, तिथे कोण आलंय ते कोणी विचारत नाहीये. एकच फोटो दोघांना इतका वेगळा कसा दिसतो? आणि आत्याला न दुखवता समजावता येतं का?

शटर_काका:
लग्नाचे फोटो काढण्यात २२ वर्षं गेली, सांगतो. मोबाईलचा फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो. लेन्सच्या पुढे वीतभर अंतरावर धुळीचा कण तरंगत असेल तर फ्लॅशचा उजेड त्याच्यावर आपटून सरळ परत लेन्समध्ये येतो, आणि कण फोकसमध्ये नसल्यामुळे फुगून गोल दिसतो. त्यात वास्तुशांत म्हणजे होमाची राख, रांगोळी, नवीन घरातलं पीओपी, विचारूच नका. मोठ्या कॅमेऱ्यावर फ्लॅश लेन्सपासून लांब असतो त्यामुळे हे कमी होतं. फ्लॅश बंद करून तिथेच फोटो काढ, गोळा नाही येणार.
पण माझा अनुभव असा की लग्नाच्या अल्बममध्ये गोळा आला की लोक म्हणतात "भाऊ हा डाग काढून टाका", आणि वर्षश्राद्धाच्या फोटोत आला की म्हणतात "राहू द्या".

जुनी_पुस्तकं:
काकांचं शेवटचं वाक्य एक नंबर. अमेरिकेत १८६० च्या दशकात विल्यम मम्लर नावाच्या फोटोग्राफरने यावरच धंदा उभा केला होता. तुमचा फोटो काढायचा आणि मागे एक पुसट आकृती. यादवी युद्धात घरोघरी माणसं गेलेली, लोक त्या धुरकट चेहऱ्यात आपला मुलगा, आपला नवरा ओळखायचे. १८६९ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर फसवणुकीची केस झाली, तरी सुटला. पुढे लिंकनच्या बायकोचाही फोटो काढला त्याने, मागे लिंकन तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा!
आणि हे अडाणी लोकांचं काम नाही बरं का. शेरलॉक होम्स लिहिणारा कॉनन डॉयल घ्या. इंग्लंडमधल्या कॉटिंग्लीत १६ आणि ९ वर्षांच्या दोन मुलींनी १९१७ मध्ये कागदी पऱ्या कापून, टोपीच्या पिनांनी उभ्या करून फोटो काढले, आणि डॉयलने १९२० मध्ये ते खरे मानून मासिकात लेख लिहिला. त्याचा मुलगा १९१८ मध्ये गेला होता, भाऊ १९१९ मध्ये. मृतात्म्यांवर विश्वास त्याआधीपासून होताच म्हणा. त्या पऱ्या ज्या पुस्तकातल्या चित्रांवरून काढल्या त्यात डॉयलची स्वतःचीच एक गोष्ट छापलेली होती, तरी पठ्ठ्याला कळलं नाही. त्या बायकांनी कबुली दिली १९८३ मध्ये, तेव्हाही धाकटीचं म्हणणं की पाचवा फोटो मात्र खराच आहे.

तिरपा_कोन:
सगळे आत्याच्या मागे लागलेत म्हणून विरुद्ध बाजूने बोलतो. भटक्या, तू फोटो झूम करून कण तपासलास आणि मग धूळ म्हणालास, का बघताक्षणी ठरवून टाकलंस? तू बरोबर निघालास ही गोष्ट वेगळी. निवडणुकीत एकाच सभेचा फोटो आपल्या पक्षाच्या माणसाला जनसागर दिसतो आणि समोरच्याला नुसत्या रिकाम्या खुर्च्या, त्यात कुठे आलं भूत? अमेरिकेत १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन कॉलेजांची फुटबॉल मॅच फार धसमुसळी झाली, नंतर दोन्हीकडच्या पोरांना तीच फिल्म दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या टीमचे फाऊल प्रिन्स्टनच्या पोरांनी सरासरी ९.८ मोजले आणि डार्टमथच्या पोरांनी ४.३. फिल्म तीच, आणि सगळे शिकलेसवरलेले.

शटर_काका:
हे मान्य. पण भटक्या, आत्याला लेक्चर देऊ नकोस, तिच्याच हातात मोबाईल दे, समोर सतरंजी झटक आणि तिलाच फ्लॅश मारून फोटो काढू दे.

भटका_जोशी:
तिरपा_कोन, खरंय, झूमबिम काही केलं नव्हतं, आधी ठरवलंच होतं.
अपडेट: रविवारी आत्याकडे जाऊन सतरंजी झटकली. तिने स्वतः फोटो काढला, पंधरावीस गोळे आले. बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली बरं, ही धूळ. मला वाटलं जिंकलो, म्हणून जोशात वांग्याच्या भाजीवरचा गोळा पण दाखवला. तर चष्मा वर करून म्हणते, "अण्णांना भरली वांगी आवडायचीच." आणि डोळे पुसत हसायला लागली, मग मीपण हसलो. फोटो फ्रेम करून पाहिजे म्हणतेय, ए४ साईजमध्ये. काका, मोबाईलच्या फोटोची प्रिंट तेवढी मोठी नीट येईल का?

शटर_काका:
येईल. ओरिजिनल फाईल पाठव, व्हॉट्सअ‍ॅपवरची नको.