ब्रेक ऑइल घरी कुणी बदललंय का? चुकलेलंही सांगा

गेल्या महिन्यात चोर्ला घाट उतरताना पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं आणि पोटात गोळा आला. खाली थांबून बॉनेट उघडलं, तर ब्रेक ऑइलच्या डबीतलं ऑइल चहाच्या रंगाचं. शेवटचं कधी बदललं तेच आठवेना. खरं तर हे ऑइल नव्हेच, ग्लायकॉल. हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की तोच आकडा १५५ पर्यंत उतरतो. उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दबते, म्हणून पाय रिकामा खाली जातो. लिहा बघू आपापलं.

टिळकवाडी : केलंय आणि चुकलंय. पोरगा पेडलवर, मी मागच्या डाव्या चाकाशी, हातात ८ चा पाना आणि पारदर्शक नळी. पेडल दाबून धरायचं, निपल (चाकाच्या ब्रेकवरचा ऑइल काढायचा पोकळ स्क्रू) पाव आटा सैल करायचं, जुनं ऑइल बाटलीत आलं की आवळायचं, मगच पेडल सोडायचं. मी निपल सैल करून म्हटलं, “सोडलं!” त्यानं पेडलच सोडलं. नळीचं टोक ऑइलात बुडवलेलं नव्हतं, हवा सरळ आत. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर शेजारचे कन्नड मास्तर कंपाउंडवरून म्हणाले, “पेडलला हिडी-बिडू म्हणा की!” हिडी म्हणजे धर, बिडू म्हणजे सोड. तेव्हापासून पेडल कन्नडात, निपल मराठीत. एकदाही घोटाळा नाही.

शहापूर : चला, सीमाप्रश्न तुमच्या अंगणात तरी सुटला!

निपाणी : मी स्वतः केलं नाही, पण का करावं ते सांगतो. एका गॅरेजवाल्यानं डबीत भलतंच तेल ओतलं. रबरं फुगली, ब्रेक चिकटून बसले, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो) नवा घालावा लागला. झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलेलं असतं, ते वाचायलाही वेळ नव्हता त्याला.

उद्यमबाग : लेथवर काम करतो म्हणून सांगतो, निपलला फिक्स पाना लावू नका, कोपरे गोल होतात. रिंग पाना घ्या, आदल्या रात्री गंजरोधक मारून ठेवा. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. पेडल तळापर्यंत गेलं की सिलिंडरमधली रबरं कधी न घासलेल्या गंजक्या भागावर जातात आणि फाटतात.

जांबोटी : आमच्याकडे पावसात करूच नये. उघडा डबा महिनाभर शेडमध्ये राहिला होता, तो फेकूनच दिला.

चिकोडी : मी पेडल दाबणारी बाई. नवऱ्याचं सगळं लक्ष नळीतल्या बुडबुड्यांत, डबीकडे कुणी बघायचं? चौथ्या चाकाला डबी तळाला गेली, हवा शिरली, चारही चाकं पुन्हा. आता दर पाच दाबांना मीच ओरडते, “डबी!” आणि हो, मडगार्डवर सांडलेलं लगेच भरपूर पाण्यानं धुवा. आमच्या गाडीवर तळहाताएवढा रंग सोललाय.

प्रश्न विचारणारा : रविवारी केलं. साधारण अर्धा लिटर लागलं. मॅन्युअलमधला चाकांचा क्रम पाळला. आधी गाडी जागेवरच चालू करून पेडल दाबून बघितलं, मग गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. पेडल आता वरच धरतंय. हिडी-बिडू आमच्या आईनं केलं. ती मूळची गोकाकची.