मदत हवी आहे : 'मिडलसेक्स' लिहावे की गाळावे?

नवी_खिडकी : वडिलांच्या जुन्या कागदपत्रांवर सर्वत्र 'हॅरो, मिडलसेक्स' असे आहे, परंतु ऑनलाइन अर्जातील काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) यादीत हे नावच सापडत नाही. तिथे काय निवडावे आणि या नावाचा नेमका अर्थ काय? अर्ज उद्यापर्यंत भरायचा आहे.

एडिसनकर : मिडलसेक्स काउंटी व्यवस्थित अस्तित्वात आहे. न्यू जर्सीतील आमचे एडिसन तिच्यातच येते. यादी पुन्हा नीट पाहावी.

जुना_नकाशा : हॅरो म्हटल्यावर इंग्लंड हे उघड आहे. सॅक्सन ही तिथे येऊन वसलेली जुनी जर्मानिक जमात. एसेक्स म्हणजे पूर्वेकडच्या, ससेक्स दक्षिणेकडच्या आणि वेसेक्स पश्चिमेकडच्या सॅक्सनांचा मुलूख, तर मिडलसेक्स हा मधल्या सॅक्सनांचा. १ एप्रिल १९६५ रोजी ही काउंटी प्रशासनातून गेली. तिचा बहुतेक भाग ग्रेटर लंडनमध्ये, पॉटर्स बार हर्टफर्डशरमध्ये आणि स्टेन्स सरेमध्ये समाविष्ट झाले.

लेग_बाय : गेली कशी? मिडलसेक्सचा क्रिकेट संघ आजही लॉर्ड्सवर खेळतो.

जुना_नकाशा : संघ टिकला म्हणून काउंटी टिकली असे होत नाही. ज्या लॉर्ड्सचा दाखला आपण देता, तो परिसर तर १८८९ मध्येच लंडन काउंटीत गेला होता.

लाल_पेटी : माझ्या मते हा वादच अनाठायी आहे. टपालाच्या पत्त्यांत हे नाव १९६५ नंतरही चालत राहिले आणि सवयीने लोक ते अजून लिहितात, परंतु आता गाव आणि पोस्टकोड बिनचूक असले की काउंटीवाचून काही अडत नाही. सरळ गाळून टाकावे.

जुना_नकाशा : गाळण्यापूर्वी अर्ज कशाचा आहे, हे तरी कळू द्या. आजचा पत्ता विचारला आहे की जन्मस्थळ?

नवी_खिडकी : अर्थातच जन्मस्थळ! वडिलांचा जन्म १९५८ मधला आहे. टपालाविषयी मी काहीच विचारले नव्हते.

जुना_नकाशा : मग उत्तर बदलते. त्या वर्षी हॅरो मिडलसेक्समध्येच होते, त्यामुळे जन्मदाखल्यावर जे आहे तेच लिहिणे मला योग्य वाटते.

लाल_पेटी : यादीत नाव नसताना लिहिणार कुठे? ग्रेटर लंडन निवडून मोकळे व्हावे.

जुना_नकाशा : १९५८ मध्ये ग्रेटर लंडन नावाची काउंटी नव्हती, आणि दाखला व अर्ज यांत तफावत दिसली की पुढचा खुलासा अर्जदारालाच करावा लागतो.

नवी_खिडकी : यादीच्या तळाशी 'अन्य' निवडल्यावर मोकळा रकाना उघडतो आहे. तिथे मिडलसेक्स लिहून अर्ज पाठवते.