विषय: बटण बंद, तरी माळ मिणमिणते

प्रेषक: शहापूरची लेक, सध्या न्यू जर्सी

सगळ्यांना नमस्कार आणि दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा. प्रश्न इथला नाही, घरचा आहे, बेळगावातला.

बाबांनी शहापूरच्या घरी गच्चीच्या कठड्याला एलईडीची माळ लावली आहे. साधी, एकसरी, रंग बदलणारी डबी-बिबी नाही. हॉलमधल्या प्लगातून एक्स्टेन्शन बोर्ड खिडकीबाहेर काढलाय आणि त्याच्याच बटणानं माळ चालू-बंद करतात. बटण बंद केलं तरी निम्मी माळ, बोर्डापासून कठड्याच्या कोपऱ्यापर्यंत, मंद जळत राहते. पुढची निम्मी अंधारात. आणि रोज असं होत नाही. एके दिवशी नीट विझते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माळेचा प्लग उलटा करून बघितला तर जळणारा भागच बदलला, आता पलीकडची निम्मी मिणमिणते! दुकानदार म्हणतो माळ बदला. आई म्हणते राहू दे, तुळशीपाशी तेवढाच उजेड. इथे अमेरिकेत आमच्या घरी असं कधी दिसलं नाही.

कुणाला काही सुचतंय का?

---

प्रेषक: निपाणीकर, दुबई

सोपं आहे. त्याच बोर्डात माळेच्या जोडीला एक झिरोचा बल्ब लावायला सांगा. आमच्या निपाणीच्या घरी जिन्यातल्या माळेचं हेच झालं होतं. बल्ब लावला, मिणमिण गायब. वीस-पंचवीस रुपयांचं काम.

---

प्रेषक: वडगावचे काका

लेकी, आधी बाबांना फोन कर आणि सांग, माळ ‘बंद’ असताना तिला आणि त्या कठड्याला हात लावू नका. मग बाकीचं वाच.

माळ चांगली आहे. दुकानदाराचं ऐकू नका. तुमच्या बोर्डाचं बटण फेज, म्हणजे करंट आणणारी तार, तोडत नाही, न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तोडतंय. म्हणजे बटण बंद केलं तरी अख्ख्या माळेत २३० व्होल्ट उभे आहेत, फक्त परतीची वाट बंद आहे. परतीची वाट त्या कोपऱ्यावर सापडली. दव पडून कठडा ओला, तिथं माळेची वायर कुठंतरी सोललेली किंवा जॉइंट नुसता टेपनं गुंडाळलेला, तिथून थोडासा करंट जमिनीत उतरतोय. म्हणून फेजपासून कोपऱ्यापर्यंतचे दिवे मिणमिणतात, पुढचे नाहीत. प्लग उलटा केला की फेज माळेच्या दुसऱ्या टोकाला जातो, मग त्या बाजूची निम्मी जळते. बाबांनी ते करून बघितलं हे फार चांगलं झालं, त्यामुळं मला इथं बसून कळलं.

एलईडीला दिसण्यापुरतं जळायला मिलिअँपिअरचा छोटा हिस्साही पुरतो. जुन्या बारीक बल्बांच्या माळेत एवढा करंट गेला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की वीज तोडणारं बटण, असला तरी एवढ्यावर तो पडत नाही.

आता रोज का नाही? एक्स्टेन्शनचा भिंतीतला टॉप बघा. पैजेवर सांगतो, दोन पिनांचा असणार, किंवा तीन पिनांचा असून वरची जाड पिन तुटलेली. दोन पिना कशाही बसतात. रोज रात्री एक्स्टेन्शन आत घेत असाल, संध्याकाळी पुन्हा लावत असाल, जशी बसली तशी. एका बाजूनं बसली की बटण फेज तोडतं, दुसऱ्या बाजूनं न्यूट्रल. अमेरिकेतल्या तुमच्या माळांच्या प्लगाचं एक पातं रुंद असतं, ते उलटं बसतच नाही.

निपाणीकर, तुमचं तिथं बरोबर होतं, इथं नाही. तुमच्या जिन्यात टू-वे बटणं असणार, वर-खाली दोन्हीकडून चालणारी, एकाच पाइपातून लांबवर शेजारी शेजारी जाणाऱ्या वायरी. चालू वायर शेजारच्या बंद वायरीत थोडा करंट ढकलते. वीस-एक मीटरला मिलिअँपिअरचा दहावा भाग धरा. बल्ब तेवढा सहज पिऊन टाकतो, माळेला काही उरत नाही. शहापूरला बल्ब लावला तर फेज बल्बातून माळेच्या दुसऱ्या टोकालाही पोचेल आणि निम्मीच्या जागी सगळी माळ मिणमिणेल. करून बघू नका, नुसतं ध्यानात ठेवा.

---

प्रेषक: शहापूरहून, लेकीचे बाबा

काका, नमस्कार. टॉप दोन पिनांचाच निघाला. मेन बंद करून उलटा बसवला, मग मेन टाकला. माळेचं बटण बंद केलं की आता पूर्ण काळोख. हॉलच्या प्लगात टेस्टर लावला, समोरून बघितलं तर उजव्या भोकात पेटतो, डाव्यात नाही. हे बरोबर आहे का? टॉपवर खूण म्हणून लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे. आईसाहेबांनी नेलपॉलिशची बाटलीच काढून घेतली, तो वेगळा विषय.

---

प्रेषक: वडगावचे काका

उजवीकडं फेज, म्हणजे भिंतीतलं वायरिंग ठीक. पण ठिपक्यावर दिवाळी काढू नका की. तीन पिनांचा टॉप आणा, तीन तारांची वायर घ्या, हिरवी तार जाड पिनेला. लाल फेजला, काळी न्यूट्रलला, आणि एक्स्टेन्शनच्या बटणात लाल तार जाते ना हे उघडून बघा. स्वस्तातल्या बोर्डात आतच उलटं जोडलेलं मी बरेच वेळा बघितलंय.

आणि मिणमिण गेली म्हणून कोपरा विसरू नका. माळ चालू असताना तो करंट अजून कठड्यात उतरतोच आहे. एवढंच की चालू माळेच्या उजेडात तो दिसत नाही. प्लग भिंतीतून काढा, मग कठड्यावरून माळ हातानं सोडवत जा, वायर जिथं चुरगळलीय किंवा टेप सुटलाय तिथं थांबा. सोललेलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवीन जोड द्या, वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी नळी, चढवा. जमत नसेल तर माळ फेका, नव्या माळेपेक्षा जीव महाग.

वसुबारसेच्या दुपारी मी मागाच्या मोटरीच्या कामाला शहापूरलाच येणार आहे. तोवर माळ उतरवून ठेवा. मेगर, म्हणजे वायर कुठं गळतेय ते तपासायचं यंत्र, घेऊन येतो.

---

प्रेषक: निपाणीकर, दुबई

काका, जाता जाता एक. निपाणीच्या जिन्यातलं बटण अंधारात लाल दिसणारं, आत निऑनचा बारीक दिवा असलेलं आहे. तोही कारण असू शकतो का?

---

प्रेषक: वडगावचे काका

हो की. तो दिवा बटण बंद असताना माळेतूनच करंट घेऊन जळतो. बल्ब काढून बटण साधं बसवा, मग काय उरतं ते बघू.