मदत हवी आहे: ओगरचा 'वेल्ट' आल्बम ऐकलेलं कोणी आहे का इथे?

नमस्कार मंडळी,

मालवणात आम्ही चारपाच जण इंडस्ट्रियल (यंत्रांच्या खडखडाटासारखं कर्कश इलेक्ट्रॉनिक संगीत) ऐकणारे (तालुक्यात एवढेच असणार). सध्या आमचं 'वेल्ट'वरून वाजलंय. स्किनी पपी हा कॅनडातल्या व्हँकुव्हरचा बँड, 1982 मध्ये सुरू झालेला. त्यात गाणारा ओगर. त्याने मार्क वॉक या संगीतकार-निर्मात्याला सोबत घेऊन 2001 मध्ये हा आल्बम काढला, त्यामुळे 'सोलो' म्हणायचं ते नावापुरतंच.

एक मित्र स्किनी पपीच्या 'टू डार्क पार्क'चा (1990) कट्टर भक्त. तिथे ओगरच्या आवाजाची इतकी मोडतोड केलीय की निम्मे शब्द कळत नाहीत. 'वेल्ट'मध्ये कडवं, ध्रुवपद सगळं जागच्या जागी. 'क्रॅकर' तर चक्क गुणगुणता येतं, आणि गुणगुणता आलं की ह्याच्या लेखी गाणं मेलं.

दुसरा मित्र दशावतारात पायपेटी वाजवतो. स्किनी पपी लावलं तेव्हा तो चहा अर्धा टाकून उठला होता. 'वेल्ट'मधलं 'वॉटर' मात्र शेवटपर्यंत ऐकलंन आणि म्हणाला, "ह्येका चाल आसा मरे!" मी त्याच्या बाजूने. आवाज स्वच्छ झाला तरी त्यातला विखार कुठे गेलाय?

तर जाणकारांना प्रश्न: हे काम नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सुरू झालं आणि रेकॉर्ड कंपनीच्या घोळात वर्षानुवर्षं पडून राहिलं. 2001 मध्ये ऐकताना ते शिळं वाटलं का? आणि पुढे ओगरचंच काय ऐकू, 'सनीसायऑप' (2003) की 'डेव्हिल्स इन माय डिटेल्स' (2008)?

(मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून मत देऊ नका. खालचा सगळा बास गायब होतो.)

रत्नांग्रीकर: शिळा नाही वाटला. तेव्हा जिकडेतिकडे गिटारांचा भडिमार होता, यात सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) पुढे, म्हणून उलट वेगळाच वाटला. मधली दोनतीन गाणी भरतीची आहेत, ते मान्य. तुमच्या भक्ताला 'द प्रोसेस' (1996) ऐकवा. तो स्किनी पपीचाच आल्बम, आणि ओगर सरळ गायला लागलाय तो तिथेच. तो करताना बँड फुटला, 1995 मध्ये त्यांचा कीबोर्डवाला ड्वेन गोएटेल वारला. 'वेल्ट'वर राग काढून काय उपयोग?

खाडीकाठ: वरच्याशी सहमत, फक्त भरतीची गाणी कुठली ते सांगा, मला एकही सापडलं नाही. पुढचं म्हणाल तर भक्ताला 'डेव्हिल्स' द्या. काळाकुट्ट आहे, गाण्यापेक्षा बोलणं आणि कुजबुज जास्त, त्याला गुणगुणायची भीती नाही. पायपेटीवाल्यांना 'सनीसायऑप'. विचित्र आहे, पण ठेका सोडत नाही.

धागाकर्ता: आभार दोघांचे. 'द प्रोसेस' डोक्यातच आला नव्हता. रविवारी भक्ताला नाव न सांगता लावतो, काय म्हणतो ते इथे लिहीन. तोवर भरतीची गाणी कुठली यावर होऊन जाऊ द्या.